महिला आइस हॉकी क्लबचा इतिहास लिहिताना

महिलांच्या आइस हॉकी क्लबला पंचवीस किंवा पन्नास वर्षे पूर्ण होत आली की स्मरणिका काढण्याचे ठरते आणि इतिहासाचे प्रकरण लिहिण्याची जबाबदारी एखाद्या पालकावर किंवा माजी खेळाडूवर येते. कॅनडातील ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, किचनर, वॉटर्लू या भागांत मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि ज्या घरातील मुलगी अशा क्लबात खेळते त्या घरी हे काम येणे अगदी शक्य आहे. ते नीट कसे करावे, याची पद्धत या लेखात मांडली आहे. उदाहरणासाठी मुख्यतः प्रेस्टन रिव्ह्युलेट्स हा १९३० च्या दशकातील ओंटारिओ प्रांताचा संघ घेतला आहे, कारण इतिहास लिहिणाऱ्याला भेटणाऱ्या बहुतेक अडचणी या एका संघाच्या कहाणीत एकत्र सापडतात.

या कामातील मूळ तत्त्व मराठी वाचकाला नवे नाही. बखरींवर विसंबून न राहता त्या त्या काळची अस्सल पत्रे शोधावीत, असा आग्रह वि. का. राजवाडे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धरला आणि पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तीच वाट पुढे चालवली. क्लबच्या बाबतीत समारंभांतील भाषणे, जुन्या स्मरणिका आणि गौरवपत्रे ही बखर होय. सामन्याच्या रात्री भरलेले गुणपत्रक, दुसऱ्या दिवशीच्या दैनिकातील बातमी, कार्यकारिणीचे इतिवृत्त आणि रिंकच्या, म्हणजे खेळाच्या बर्फाच्या मैदानाच्या, भाड्याची पावती ही पत्रे होत. बखर टाकून द्यायची नसते. लोकांना काय लक्षात ठेवावेसे वाटले हे तिच्यावरून कळते. मात्र तिच्यातील प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय आपल्या मजकुरात येऊ देऊ नये.

आधी सामन्यांची यादी

लेखनाला हात घालण्यापूर्वी क्लबने खेळलेल्या प्रत्येक सामन्याची एक यादी करावी. तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी संघ, गोल, स्पर्धेचे नाव आणि ही माहिती कोठून मिळाली याची नोंद, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो आणि तोच पहिल्यांदा गाळला जातो. पण वर्षभराने दोन नोंदी परस्परविरोधी निघाल्या तर त्याच्याखेरीज दुसरा आधार नसतो. ज्या सामन्याचा केवळ उल्लेख सापडला आणि गोलसंख्या सापडली नाही तो गाळू नये, आणि केवळ वेळापत्रकात छापलेला सामना खेळला गेलाच असे धरूनही चालू नये. हिमवादळामुळे, बर्फ वितळल्यामुळे किंवा प्रवासखर्च न जमल्यामुळे ठरलेले सामने रद्द होत असत.

ही यादी का हवी, हे रिव्ह्युलेट्सच्या कीर्तीवरून समजते. प्रेस्टन हे ओंटारिओतील कारखान्यांचे छोटे गाव. तेथे उन्हाळ्यात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी १९३०-३१ च्या हिवाळ्यात लोथर स्ट्रीटवरील रिंकवर आइस हॉकीचा संघ उभा केला. हिल्डा आणि नेली या रॅन्सकोम भगिनी व मार्म आणि हेलन या श्मक भगिनी त्यात सुरुवातीपासून होत्या. पुढची दहा वर्षे ओंटारिओत या संघाला तोड नव्हती. त्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य सांगितले गेले: दहा वर्षांत सुमारे ३५० सामने, त्यांपैकी केवळ २ हरले आणि ३ बरोबरीत सुटले. हे वाक्य लेखांतून लेखांत, फलकांवरून पुस्तकांत जात राहिले.

आता साधा हिशेब करावा. दहा हिवाळ्यांत ३५० सामने म्हणजे दर हिवाळ्यात ३५. त्या काळी हंगाम साधारण डिसेंबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत चाले, म्हणजे जवळजवळ तीन महिने; तेव्हा आठवड्याला सरासरी तीन सामने झाले असे मानावे लागेल. खेळाडू कामधंदा करणाऱ्या तरुणी होत्या, काळ आर्थिक मंदीचा होता, महिलांचे संघ मोजके होते आणि दुसऱ्या गावी जायचे तर बर्फाळ रस्त्यांवरून जावे लागे. या परिस्थितीत एवढे सामने झाले असणे अवघड आहे, आणि त्या वर्षांची वृत्तपत्रे चाळणाऱ्या क्रीडा-इतिहासकारांना प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी सामन्यांच्या नोंदी मिळाल्या. कोणीही हेतुपुरस्सर खोटे सांगितले असे म्हणण्याचे कारण नाही. आठवणीत आकडे वाढतात आणि एकदा छापलेला आकडा पुन्हा तपासला जात नाही, एवढेच त्यामागचे कारण असू शकते.

माझ्या मते या तपासणीने रिव्ह्युलेट्स लहान होत नाहीत, उलट अधिक खऱ्या होतात. जवळजवळ अजिंक्य म्हणून सांगितलेला संघ वाचकाला दूरचा वाटतो. पण एका मंगळवारी कामावरून सुटून, मोटारींत दाटीवाटीने बसून, शेजारच्या गावी खेळायला गेलेल्या आणि रात्री उशिरा परतून सकाळी पुन्हा कामावर हजर झालेल्या मुलींचा संघ त्याला कळतो. क्लबची यादी तयार होत असताना जुना अभिमानाचा आकडा खाली येऊ लागला, तर कार्यकारिणीला ते आवडणार नाही. तरीही सापडलेली संख्याच छापावी आणि परंपरेने सांगितला जाणारा आकडा तिच्याशेजारी, परंपरेचा म्हणून, द्यावा.

विजेतेपदांबाबतही हाच नियम पाळावा लागतो. रिव्ह्युलेट्सनी ओंटारिओचे विजेतेपद दहा वेळा मिळवल्याचे सांगितले जाते आणि राष्ट्रीय विजेतेपदांचे आकडे मात्र निरनिराळे आढळतात. याचे एक कारण असे की प्रांताचे, पूर्व कॅनडाचे आणि संपूर्ण देशाचे अशी तीन पायऱ्यांची स्पर्धा होती, प्रत्येक पायरीचा चषक वेगळा होता आणि लिहिणारे या पायऱ्यांची गल्लत करीत आले. प्रांताच्या चषकाला धावपटू बॉबी रोझेनफेल्ड यांचे नाव होते, तर राष्ट्रीय चषक गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी बेसबरो यांच्या नावाचा होता. म्हणून आपल्या क्लबच्या बाबतीतही ‘विजेते’ एवढेच न लिहिता कोणत्या संघटनेने भरवलेल्या, कोणत्या गटाच्या आणि किती संघांच्या स्पर्धेचे विजेते, हे प्रत्येक ठिकाणी नोंदवावे.

पराभवांना जागा द्यावी, असे मी विशेष आग्रहाने सुचवीन. १९३३ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी रिव्ह्युलेट्स आगगाडीने तीन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून अल्बर्टा प्रांतातील एडमंटनला गेल्या आणि तेथील रस्टलर्स संघाकडून हरल्या. त्यांच्या कहाणीत हा पराभव बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक त्या प्रवासाचा खर्च कोणी उचलला, रजा कशी मिळाली, गावाने वर्गणी काढली का, हे प्रश्न संघाविषयी जितके सांगतात तितके सलग विजयांची जंत्री सांगत नाही. शिवाय एडमंटनच्या मुलींचाही तो इतिहास आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या गावची दैनिके पाहिल्याशिवाय कोणत्याही सामन्याचे चित्र पुरे होत नाही.

वृत्तपत्रे आणि त्यांतील स्त्रिया

जुन्या क्लबसाठी सर्वांत समृद्ध साधन म्हणजे स्थानिक दैनिक. शोध घेताना गावांची आणि वृत्तपत्रांची नावे बदलतात हे आधीच टिपून ठेवावे. प्रेस्टन, गॉल्ट आणि हेस्पेलर ही गावे १९७३ मध्ये एकत्र करून केंब्रिज हे शहर झाले, त्यामुळे आजच्या नावाने शोधणाऱ्याला १९३० च्या दशकातील काहीच सापडणार नाही. टोरांटोचे ग्लोब हे दैनिक १९३६ मध्ये दुसऱ्या दैनिकात विलीन होऊन ग्लोब अँड मेल झाले, म्हणून एकाच दशकासाठी दोन नावांनी शोध घ्यावा लागतो. संगणकावरील शोधाने समाधान मानू नये. जुन्या अक्षरछपाईतील अस्पष्ट अक्षरे यंत्र चुकीची वाचते आणि संघाचे नाव तर अनेकदा चुकीच्याच वर्णांनी छापलेले असते. तेव्हा सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) हंगामाच्या तीन महिन्यांची क्रीडापाने एकेक करून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

त्या काळच्या कॅनडात महिलांच्या खेळांवर स्त्रियाच नियमित सदरे लिहीत होत्या, ही या विषयातील मोठी भाग्याची गोष्ट आहे. ॲलेक्झांड्रिन गिब यांचे सदर १९२८ पासून टोरांटो स्टारमध्ये येत असे, फिलिस ग्रिफिथ्स टोरांटोच्या टेलिग्राममध्ये लिहीत, मर्टल कुक मॉन्ट्रियल स्टारमध्ये लिहीत आणि बॉबी रोझेनफेल्ड ग्लोब अँड मेलमध्ये. यांपैकी कुक आणि रोझेनफेल्ड या १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या संघातील धावपटू होत्या. सामन्याच्या बातमीत पुरुष वार्ताहर जिथे खेळाडूंच्या पोशाखावर किंवा दिसण्यावर थांबतो, तिथे या सदरांतून संघटनेतील भांडणे, पैशांची ओढाताण, नियमांचे वाद आणि खेळाडूंची योग्यता यांची माहिती मिळते. आपल्या क्लबच्या काळात अशी लेखिका शहरात होती का, हे पहिल्याच आठवड्यात शोधावे.

मात्र ही सदरे लिहिणाऱ्या स्त्रिया अलिप्त निरीक्षक नव्हत्या. त्यांच्यापैकी काही जणी स्वतः क्रीडासंघटनांच्या पदाधिकारी होत्या. ज्या संघटनेच्या निर्णयाचे समर्थन सदरात दिसते, तो निर्णय घेण्यात लेखिकेचा वाटा होता का, हे तपासून मगच उतारा वापरावा.

नावे

महिलांच्या संघाचा इतिहास लिहिताना सर्वांत जास्त वेळ नावांवर जातो आणि तो जाऊ द्यावा. बातम्यांत बहुधा केवळ आडनाव येते. ‘रॅन्सकोमने दोन गोल केले’ असे वाचले तर ती हिल्डा असणार, कारण नेली गोलरक्षक होती. पण ‘श्मकने गोल केला’ या वाक्यावरून मार्म की हेलन हे ठरत नाही आणि दुसऱ्या दैनिकातील बातमी पाहावी लागते. ती मिळाली नाही, तर केवळ आडनाव ठेवावे. प्रसिद्ध बहिणीच्या खात्यावर गोल जमा करू नये.

विवाहानंतर आडनाव बदलल्यामुळे एकच खेळाडू दोन हंगामांत दोन वेगळ्या व्यक्ती वाटते आणि काही वेळा श्रीमती अमुक असा केवळ पतीच्या नावाने उल्लेख येतो. यासाठी प्रत्येक खेळाडूचे एक स्वतंत्र पान करावे आणि त्यावर माहेरचे नाव, सासरचे नाव, टोपणनाव, क्रमांक आणि संघात दिसल्याचे पहिले व शेवटचे वर्ष लिहावे. विवाहाच्या बातम्या आणि निधनवार्ता येथे उपयोगी पडतात. निधनवार्तेत ‘तरुणपणी हॉकी खेळत असत’ असे ओझरते वाक्य सापडले की एक हरवलेले पान पुरे होते. जिवंत व्यक्तींच्या खासगी माहितीबाबत मात्र संमतीशिवाय काहीही छापू नये.

प्रसिद्ध खेळाडूंबरोबर राखीव खेळाडू, संघाच्या व्यवस्थापक आणि गणवेश धुणाऱ्या, मोटार चालवणाऱ्या, तिकिटे विकणाऱ्या माणसांचीही अशीच पाने करावीत. हिल्डा रॅन्सकोम यांना २०१५ मध्ये कॅनडाच्या क्रीडा गौरवदालनात स्थान मिळाले आणि ते योग्यच झाले. पण संघ म्हणून खेळलेल्या सगळ्या जणींची नावे एका ठिकाणी आणणे हे क्लबच्या इतिहासकाराचे काम आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

नाव बदलले, लीग बदलली

अलीकडच्या क्लबांची अडचण निराळी आहे. त्यांची नावे, शहरे आणि लीग इतक्या वेगाने बदलल्या की कोणता क्लब कोणाचा वारस हेच ठरवावे लागते. ब्रॅम्प्टन थंडर हा संघ १९९८ मध्ये स्थापन झाला. पुढे तो कॅनेडियन विमेन्स हॉकी लीगमध्ये गेला, २०१७ मध्ये मार्कहॅमला हलून मार्कहॅम थंडर झाला आणि २०१८ च्या क्लार्कसन चषकाच्या, म्हणजे त्या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात चीनमधील कुनलुन रेड स्टारला जादा वेळेत २-१ असे हरवून विजेता ठरला. पुढच्याच वर्षी ही लीग बंद पडली आणि संघही संपला. आता २०१८ चा हा चषक ब्रॅम्प्टनच्या इतिहासात धरायचा की नाही? माझे मत असे की खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापन यांपैकी बहुतांश घटक सलग राहिले असतील तर एकच क्लब मानावा, आणि केवळ नाव तेच ठेवून सगळी माणसे बदलली असतील तर वेगळा. निर्णय कोणताही असो, तो कारणासह सुरुवातीलाच सांगावा.

नॅशनल विमेन्स हॉकी लीग या नावाच्या दोन वेगळ्या लीग होऊन गेल्या, ही गोष्ट अनेकांना फसवते. पहिली कॅनडात १९९९ ते २००७ या काळात होती. दुसरी अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये तिचे नाव प्रीमियर हॉकी फेडरेशन झाले आणि २०२३ मध्ये ती विकत घेऊन बंद करण्यात आली; त्यानंतर जानेवारी २०२४ पासून सहा संघांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. त्यामुळे कात्रणावर लीगचे नाव आहे आणि तारीख नाही, असे झाले तर ते कात्रण निश्चिती होईपर्यंत बाजूला ठेवावे.

लीग बंद पडते तेव्हा तिचे संकेतस्थळही बंद पडण्याचा धोका असतो आणि त्यावरची गुणपत्रके, खेळाडूंची आकडेवारी, छायाचित्रे हाती राहत नाहीत. १९३५ चे दैनिक ग्रंथालयात आजही मिळते, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सामन्याचे पान मात्र मिळेलच असे सांगता येत नाही. म्हणून चालू क्लबसाठी प्रत्येक हंगामाच्या शेवटी सर्व गुणपत्रके कागदावर छापून ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीकडून करून घ्यावा. इतिहासाचे काम हाती घेतलेल्या माणसाने पहिल्या बैठकीत एवढे एक साधले तरी पुढच्या लेखकाचे निम्मे श्रम वाचतील.

बर्फाची वेळ आणि पैसा

महिला क्लबच्या इतिहासाचा गाभा मला सामन्यांपेक्षा बर्फाच्या वेळापत्रकात दिसतो. रिंक एकच असते, दिवसाचे तास ठरलेले असतात आणि ते तास कोणाला मिळाले यावरून त्या गावात मुलींच्या खेळाला काय किंमत होती हे स्पष्ट कळते. नगरपालिकेच्या उद्यान किंवा मनोरंजन विभागाची वाटपपत्रके, रिंकच्या नोंदवह्या आणि परिषदेच्या सभांचे वृत्तान्त मागवावेत. सरावाची वेळ पहाटेची होती की रात्री अकराची, ती कोणत्या वर्षी बदलली आणि बदलण्यासाठी कोणी पत्रे लिहिली, याचा तक्ता करावा. टोरांटोत २००९ मध्ये पालिकेच्या रिंकवर मुलींच्या संघांना न्याय्य वाटा मिळावा हा वाद थेट महापालिकेपर्यंत गेला होता. तशा प्रकारची पत्रे जवळजवळ प्रत्येक जुन्या क्लबच्या कपाटात निघतील.

त्याबरोबर जमाखर्च पाहावा. खेळाडू वर्गणी भरीत होत्या का, काठ्या आणि संरक्षक साहित्य कोण घेई, दुकानदारांची मदत केव्हा सुरू झाली, प्रवेशशुल्क होते का, हे आकड्यांनिशी लिहावे. देशातील सर्वोच्च कॅनेडियन विमेन्स हॉकी लीगमध्येसुद्धा खेळाडूंना २०१७-१८ च्या हंगामापूर्वी मानधन मिळत नव्हते. हा तपशील जवळ असला म्हणजे एखाद्या खेळाडूने ऐन उमेदीत खेळ का सोडला, याचा उलगडा होतो.

मुलाखती

माजी खेळाडूंच्या मुलाखती यादी तयार झाल्यानंतर घ्याव्यात, आधी नव्हे. हातात तारखा, गुणपत्रके आणि छायाचित्रे असली की आठवणीला आधार मिळतो आणि बोलणे ‘फार मजा यायची’ या पलीकडे जाते. वयाने सर्वांत मोठ्या व्यक्ती मात्र याला अपवाद. त्यांच्याकडे तयारीची वाट न पाहता आजच जावे. प्रश्न गोलांविषयी थोडे आणि व्यवहाराविषयी अधिक विचारावेत: स्केट कोठून आणले, घरच्यांनी काय म्हटले, कपडे बदलायला खोली होती का, दुखापत झाल्यावर कामाचे काय झाले. संघ कसा सुरू झाला याची गोष्ट प्रत्येकीकडून स्वतंत्रपणे ऐकावी. रिव्ह्युलेट्सच्या जन्माची गोष्ट कोणी तरी दिलेल्या आव्हानाची म्हणून सांगितली जाते, आणि अशा गोष्टींत सगळ्यांच्या सांगण्यात जे समान असेल ते जपून, उरलेले भेद भेद म्हणूनच मांडावेत.

भारतातही याच तातडीने काम करण्याजोगा विषय आहे. लडाखच्या मुलींच्या बळावर उभा राहिलेला भारताचा महिला संघ २०१६ मध्ये तैवानमधील आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्याने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक पटकावले. त्या पहिल्या खेळाडू आज तरुण आहेत आणि सगळे त्यांच्या लक्षात आहे. लडाखमधील गावोगावच्या संघांच्या नोंदी आत्ताच झाल्या पाहिजेत.

लिहिताना

मजकूर लिहिताना वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना जपून करावी. १९९० मध्ये ओटावा येथे झालेल्या पहिल्या अधिकृत महिला जागतिक स्पर्धेत अंगाला अंग भिडवून अडवण्याची मुभा होती आणि त्यानंतर महिलांच्या खेळात ती काढून टाकण्यात आली. तेव्हा त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या खेळाडूंचे गोल एकाच मापाने मोजता येत नाहीत. एखादी खेळाडू ‘पुरुषांइतकी चांगली’ होती, अशी प्रशंसा जुन्या बातम्यांत वारंवार येते. ती उद्धृत करायची तर तारीख आणि वृत्तपत्र सांगून करावी, आपल्या शब्दांत तिची पुनरावृत्ती करू नये. त्याऐवजी ती खेळाडू काय करीत असे हे लिहावे: पक (खेळातील रबरी चकती) काठीवर किती वेळ राखत असे, कोणत्या बाजूने धाव घेत असे, कोणाला पास देत असे.

क्लब बंद पडला असेल तर त्याचा शेवटही तितक्याच काळजीने सांगावा. रिव्ह्युलेट्सचा प्रवास दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत थांबला. प्रवास, पैसा आणि प्रतिस्पर्धी संघ या तिन्ही गोष्टी मिळेनाशा झाल्या, आणि युद्धानंतर कॅनडातील महिला हॉकी पुन्हा तशी उभी राहायला कित्येक वर्षे गेली. ‘युद्धामुळे संघ बंद झाला’ एवढ्या वाक्यात हे संपवू नये. शेवटचा सामना कोणता, त्यात कोण खेळले, साहित्य कोणाकडे गेले आणि त्यांतल्या किती जणी पुढे पुन्हा कधी बर्फावर उतरल्या, याचा शोध घ्यावा.

छापील स्मरणिका तयार झाली की जमवलेली सामन्यांची यादी, खेळाडूंची पाने, मुलाखतींच्या ध्वनिफिती व संमतिपत्रे आणि कात्रणांच्या प्रती यांचा एक संच शहराच्या अभिलेखागारात आणि दुसरा सार्वजनिक ग्रंथालयात द्यावा. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, रिंकचे नाव आणि हंगाम लिहावा, आणि ज्या खेळाडूचे नाव लागलेले नाही तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ते छायाचित्र स्मरणिकेत तसेच छापावे, म्हणजे ओळखणारा वाचक कळवू शकेल.